सुडोकू सॉल्व्हर: कॉपी-पेस्टच्या कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट

सॉल्व्हरचं इंजिन आता बऱ्यापैकी चालतंय, नेकेड सिंगलपासून एक्स-विंगपर्यंतच्या (सोडवायच्या सोप्या ते अवघड युक्त्यांच्या) हिंट नीट येतात, त्यामुळे इतके दिवस मागे ढकललेलं काम हातात घेतलंय, ते म्हणजे पेस्ट. ८१ घरं हाताने भरत बसायला वेळ कोणाला आहे, लोक कुठून तरी कोडं उचलतात, कंट्रोल-व्ही मारतात आणि ग्रिड भरलं नाही की टॅब बंद करून निघून जातात.

सध्याचा कोड अगदीच छोटा आहे. क्लिपबोर्डवरचा मजकूर घ्यायचा, आकडे आणि डॉट सोडून बाकी सगळं उडवायचं, उरलेली अक्षरं ८१ भरली तर ग्रिडमध्ये टाकायची, नाही भरली तर लाल पट्टीत 'डेटा चुकीचा आहे'. सगळं एका लाइनीत लिहिलेलं असेल तर हे झकास चालतं. पण लोक पाठवतात ते असं नसतं, टेस्ट करणाऱ्या मित्राने नुसते नमुने म्हणून जे गोळा करून दिलेत त्यात स्प्रेडशीट आहे, चॅटमधले मेसेज आहेत, रेघा मारलेले ग्रिड आहेत, कँडिडेटसकट (म्हणजे घरात अजून शक्य असलेल्या आकड्यांसकट) असलेले तक्ते आहेत आणि एक पीडीएफ आहे.

टेस्टसाठी दोन कोडी पक्की केली. एक आर्तो इन्काला या फिनिश गणितज्ञाचं २०१२ चं, जगातलं सगळ्यात अवघड म्हणून गाजलं होतं ते, २१ क्लू, म्हणजे आधीच दिलेले आकडे:

८..........३६......७..९.२...५...७.......४५७.....१...३...१....६८..८५...१..९....४..

दुसरं ऑस्ट्रेलियन गणितज्ञ गॉर्डन रॉयलच्या १७ क्लूवाल्या यादीतलं:

०००००००१०४०००००००००२०००००००००००५०४०७००८०००३००००१०९००००३००४००२०००५०१००००००००८०६०००

एकात रिकाम्या घराला डॉट आहे, दुसऱ्यात शून्य. मुद्दामच घेतलंय तसं.

६ ऑगस्ट

स्प्रेडशीट. इथे जुना कोड सपशेल आडवा होतो आणि कारण अगदी साधं आहे. नऊ बाय नऊचा भाग सिलेक्ट करून कॉपी केला की क्लिपबोर्डवर घरांच्या मध्ये टॅब येतात आणि रो संपली की नवी लाइन, रिकाम्या घराच्या जागी काहीच येत नाही, ना डॉट ना शून्य. इन्कालाच्या कोड्याची दुसरी रो म्हणजे टॅब, टॅब, ३, टॅब, ६ आणि मग पाच टॅब. आपण टॅब उडवले की ३ आणि ६ एवढंच हातात राहतं, पूर्ण कोड्याचे २१ आकडे उरतात आणि कुठला कुठल्या घरातला ते सांगायला कोणीच नाही. म्हणजे डेटा चुकीचा नव्हताच, आपणच तो खाल्ला.

त्यामुळे पहिला नियम असा ठरवला की काहीही उडवायच्या आधी मजकुरात टॅब आहे का ते बघायचं. असला तर लाइनीवर तोडायचं, मग टॅबवर तोडायचं आणि जे रिकामं निघेल ते रिकामं घर.

याच्यातच एक छुपा घोळ आहे, तो इथे सविस्तर लिहून ठेवतो कारण पुढे कोणीतरी कोड 'साफ' करताना तो परत आणणार याची मला खात्री आहे. पेस्ट केलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटायची ही सगळ्यांनाच सवय असते, ट्रिम मारायचं आणि पुढे जायचं. आता रॉयलचं कोडं बघा, पहिल्या रोमध्ये सात घरं रिकामी, आठव्यात १, नवव्यात काही नाही. स्प्रेडशीटमधून आलं की सुरुवातीला सात टॅब. ट्रिमने ते सातही टॅब गेले, १ पहिल्या घरात येऊन बसला, रोमध्ये दोनच घरं उरली. बरं, कमी घरं असली तर उजवीकडे रिकामी घरं भरून नऊ करायची ही सोय आपण ठेवलेलीच आहे, कारण काही एडिटर लाइनीच्या शेवटचे टॅब आपणहून कापतात. म्हणजे पार्सर (मजकूर वाचून घरं बनवणारा कोड) खूश. आणि गंमत अशी की कोडंही तक्रार करत नाही, पहिल्या कॉलममध्ये ४ आणि ३ आहेत, पहिल्या बॉक्समध्ये ४ आणि २, तिथे १ येऊन बसला तर कुठेच डबल होत नाही. क्लू मोजले तरी १७ चे १७. सगळं दिसायला ठीक आणि कोडं भलतंच.

म्हणून ट्रिम बंद. शेवटची एक नवी लाइन काढायची, तीही फक्त एकच, बाकी टोकांना हात लावायचा नाही. नववी रो पूर्ण रिकामी असेल तर तिचे टॅबही जसेच्या तसे हवेत.

७ ऑगस्ट

उलटा प्रवास, आपल्याकडून स्प्रेडशीटकडे. ८१ आकड्यांची स्ट्रिंग शून्यांसकट कोणी एका सेलमध्ये पेस्ट केली की स्प्रेडशीट तिला संख्या समजतं, आणि स्प्रेडशीटमध्ये संख्येचे १५ आकडेच टिकतात, पुढे सगळी शून्यं. इन्कालाचं कोडं शून्य घालून टाकलं तर सेलमध्ये ८ई+८० असं काहीतरी दिसतं. पहिले १५ आकडे म्हणजे पहिली रो पूर्ण आणि दुसरीतली सहा घरं, त्यात क्लू तीन, ८, ३ आणि ६. बाकी अठरा क्लू गेले ते गेलेच, नंतर सेलचा फॉरमॅट टेक्स्ट केला तरी परत येत नाहीत. रॉयलच्या कोड्याचं तर त्याहून वाईट, सुरुवातीची सात शून्यं आधीच गळतात, ८१ चे ७४ आकडे होतात आणि सेलमध्ये १.०४ई+७३.

उपाय दोन बाजूंनी केलाय. आपण कॉपी देताना रिकाम्या घराला डॉट हाच डिफॉल्ट, डॉट मधेमधे असले की स्प्रेडशीटला त्याची संख्या करताच येत नाही. शून्य हवं असेल त्याला मेन्यूत मिळेल. आणि पेस्टमध्ये असला ई-वाला आकडा आला तर नुसतं 'चुकीचा डेटा' न म्हणता सांगायचं की हे स्प्रेडशीटने संख्या करून टाकलंय, मूळ जागेवरून परत कॉपी करा. त्याच्यातून अंदाजाने कोडं बनवायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही.

९ ऑगस्ट

आज तीन टिंबांचं प्रकरण. वर्ड प्रोसेसरमध्ये आणि काही फोनच्या कीबोर्डवर सलग तीन डॉट टाइप केले की त्याचं एकच अक्षर होतं, हे: …. वाक्यात ठीक आहे, सुडोकूत तो विध्वंस आहे. मित्राच्या नमुन्यांत इन्कालाचंच कोडं अशा अवस्थेत होतं, ८१ अक्षरांची स्ट्रिंग ५१ ची झालेली. हिशोब करून बघितला, डॉटच्या सलग पट्ट्यांमधून तीन-तीनचे पंधरा गठ्ठे निघतात, प्रत्येकामागे दोन अक्षरं कमी, म्हणजे बरोबर ३० गायब. डोळ्यांना फरक कळतच नाही कारण दोन्ही टिंबंच दिसतात.

हे मात्र पूर्ण दुरुस्त करता येतं, एका … चे परत तीन डॉट करायचे, माहिती काहीच हरवलेली नसते. युनिकोडचं एनएफकेसी नॉर्मलायझेशन (वेगळ्या रूपातली अक्षरं साधी करायची ठरलेली पद्धत) हे आपोआप करून देतं, शिवाय रुंद आकडे साधे होतात, न तुटणारी स्पेस साधी स्पेस होते, त्यामुळे आधी वाटलं की तेच लावून टाकू आणि मोकळं होऊ. पण ते वरती लिहिलेले छोटे आकडेही साधे करतं, म्हणजे कोणी घराच्या कोपऱ्यात कँडिडेट म्हणून ⁴⁷ लिहिलं असेल तर त्याचं ४७ होणार आणि दोन भरलेली घरं असल्यासारखं वाचलं जाणार. तो धोका नको. स्वतःचाच छोटा तक्ता ठेवलाय, त्यात जेवढी अक्षरं तेवढीच बदलायची: टिंबांचं अक्षर, रुंद आकडे, न तुटणारी स्पेस, शून्य रुंदीची अक्षरं, आणि फाइलच्या सुरुवातीला कधीकधी येणारी बाइट ऑर्डर मार्क ही न दिसणारी खूण, जिच्यामुळे ८१ ची लांबी ८२ भरते आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवतो.

तक्त्यात देवनागरी आकडेही घातले. ते घालण्यामागचं कारण मजेशीर आहे. टेस्टची स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे आणि पायथनला ५ लिहिलेलं कुठल्याही लिपीत चालतं, रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतला) आकड्याचा पॅटर्नसुद्धा देवनागरी आकडे ओळखतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा तोच पॅटर्न मात्र फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो. त्यामुळे या नोंदींमधलंच वरचं कोडं कॉपी करून टाकलं तर स्क्रिप्ट पास आणि ब्राउझरमध्ये लाल पट्टी! पायथनचंही सगळं सरळ नाही म्हणा, ² ला तो आकडा आहे का विचारलं तर हो म्हणतो आणि पूर्णांक करायला गेलं की एरर देतो.

१२ ऑगस्ट

रेघा. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण इथे नुसती साफसफाई पुरत नाही, थोडा विचार करावा लागतो. सिंपल सुडोकू या जुन्या प्रोग्रॅममुळे एक ढब सगळीकडे पसरलीय:

*-----------*
|८..|...|...|
|..३|६..|...|
|.७.|.९.|२..|
|---+---+---|
|.५.|..७|...|

पुढेही तसंच. इथे डॅश म्हणजे रेघ. पण डॅश म्हणजे रिकामं घर असं लिहिणारेही भरपूर आहेत, काही जण अंडरस्कोर वापरतात, काही एक्स, काही स्टार. मग डॅश आला की समजायचं काय?

दोन्ही अर्थ लावून बघायचे आणि मोजायचं. डॅश रेघ धरून घरं मोजा, मग डॅश रिकामं घर धरून मोजा, जिथे ८१ भरतात तो अर्थ खरा. दोन्हीकडे ८१ भरतील अशी भीती वाटली होती पण तसं होऊच शकत नाही, दोन मोजण्यांमधला फरक म्हणजे मजकुरातल्या डॅशची संख्या, डॅश आहेत म्हटल्यावर फरक शून्य असणार नाही. हे लक्षात आल्यावर जरा बरं वाटलं, अंदाज बांधायची वेळच येत नाही.

तरी एक जात उरते, रिकाम्या घराला डॅश आणि बॉक्सच्या मधल्या रेघेलाही डॅश, असे दोन्ही करणारे. तिथे एकाही अर्थाने ८१ येत नाहीत. मग लाइननिहाय बघायचं. ज्या लाइनीत एक तरी आकडा आहे तिथला डॅश रिकामं घर. जिच्यात आकडाच नाही ती रेघ की पूर्ण रिकामी रो? उभ्या दांड्या आणि स्पेस सोडून मोजल्यावर बरोबर नऊ डॅश आणि अधिकचं चिन्ह नाही तर रो, नाहीतर रेघ. असं करून शेवटी नऊ रो भरल्या तरच घ्यायचं.

पूर्ण रिकामी रो येतेच कशाला असं वाटेल, पण येते, एक रिकामी रो असलेलं कोडं अगदी नीट असू शकतं. एकाच पट्ट्यातल्या, म्हणजे शेजारच्या तीन बॉक्सना मिळून असलेल्या तीन रोंपैकी, दोन रो रिकाम्या असल्या मात्र उत्तर एकमेव राहत नाही, कारण उत्तरातल्या त्या दोन रो एकमेकींच्या जागी ठेवल्या की दुसरं उत्तर तयार. कॉलमचंही तेच.

१५ ऑगस्ट

अधिकचं चिन्ह. होडोकू या जावातल्या प्रोग्रॅमच्या फॉरमॅटमध्ये आकड्याआधी अधिक आलं तर त्याचा अर्थ हा आकडा कोड्यात दिलेला नाही, सोडवताना भरलेला आहे. फार उपयोगाची गोष्ट, दिलेले आकडे आणि भरलेले आकडे वेगळे राहतात, रीसेट मारल्यावर काय पुसायचं आणि काय ठेवायचं ते कळतं. रेघांमधलं अधिक आणि हे अधिक वेगळं ओळखायचा नियम: लगेच पुढे आकडा असेल तर भरलेला, नाहीतर रेघ.

त्यांच्या लायब्ररी फॉरमॅटमध्ये सगळं कोलनने तोडलेलं असतं, आधी सोडवायच्या ट्रिकचा कोड, मग ती ज्या आकड्यावर चालते तो, मग ८१ घरं, आणि त्याच्यानंतर उडवलेल्या कँडिडेटची यादी, तीन-तीन आकड्यांत. ९४३ म्हणजे चौथ्या रोच्या तिसऱ्या कॉलममधून ९ काढलाय. आपण घरं आणि उडवलेले कँडिडेट एवढंच घेतो, ट्रिकचा कोड वाचून सोडून देतो. आमचं हिंट इंजिन स्वतःची ट्रिक स्वतः शोधतं, दुसऱ्याचं उत्तर बघून सोडवल्यासारखं नको.

१६ ऑगस्ट

कँडिडेटसकटचा तक्ता. प्रत्येक घरात शक्य असलेले आकडे चिकटून लिहिलेले आणि घरांमध्ये स्पेस, म्हणजे १२४६ हे एक घर. रेघा काढल्या, स्पेसवर तोडलं, ८१ तुकडे मिळाले की झालं. वाचायला सोपं आहे, प्रश्न अर्थाचा आहे.

एखाद्या घरात एकटा ४ लिहिलाय. हा भरलेला ४ आहे, की त्या घरात फक्त ४ शक्य उरलाय आणि अजून कोणी भरलेला नाही? लिहिण्यात दोन्ही सारखेच दिसतात. समजा रोचा तुकडा असा आहे:

१२४६   ४   ४९

शेजारच्या दोन्ही घरांत ४ अजून शक्य म्हणून उभा आहे. मधला ४ भरलेला असता तर तो तिथून उडायला हवा होता, म्हणजे मधला नक्की न भरलेला. प्रत्येक घराला रो, कॉलम आणि बॉक्स मिळून २० शेजारी असतात, त्यातल्या एकाकडेही तो कँडिडेट दिसला तर निकाल लागला. (कोणीतरी भरून ठेवलंय पण कँडिडेट पुसले नाहीत असंही असू शकतं, पण तेव्हाही न भरलेला धरल्याने नुकसान काही नाही.)

एकाही शेजाऱ्याकडे नसेल तर मात्र कळायला मार्गच नाही. उत्तरात फरक पडत नाही, तरीही वापरणाऱ्याला फरक पडतो, कारण घर भरलेलं दिसतं की मोकळं, लॉक आहे की बदलता येतं हे त्याच्यावरच ठरतं. ठरवलं ते असं, असा एकटा आकडा भरलेला धरायचा पण दिलेला म्हणून लॉक करायचा नाही. आणि आपल्याकडून कॉपी होताना हा गोंधळ पुढे पाठवायचाच नाही, आधी दिलेल्या आकड्यांची ८१ ची लाइन आणि खाली कँडिडेटचा तक्ता असे दोन्ही एकत्र द्यायचे. पेस्टमध्येही हीच जोडी आली तर ओळखायची.

एक ७२९ अक्षरांचा प्रकारही असतो, प्रत्येक घराला नऊ जागा, शक्य नसलेल्याच्या जागी डॉट. पार्स करायला सगळ्यात सोपा, माणसाला वाचायला अशक्य. वाचायची सोय ठेवली, लिहायची नाही.

१९ ऑगस्ट

ब्राउझरची बाजू, थोडक्यात. पेस्टचं बटण दाबल्यावर क्लिपबोर्ड वाचायचा तर परवानगीचं लचांड येतं आणि साइट एचटीटीपीएसवर असावी लागते. स्वतःच्या मशीनवर लोकलहोस्ट चालतं, पण तीच साइट फोनवरून नेटवर्कच्या आयपीने साध्या एचटीटीपीवर उघडली की क्लिपबोर्डचं ऑब्जेक्टच मिळत नाही, बटण मुकं. कंट्रोल-व्हीचा इव्हेंट पकडला तर यातलं काही लागत नाही, मजकूर सरळ हातात येतो. तोच मुख्य रस्ता. बटण जिथे चालत नाही तिथे लपवून त्याच्या जागी साधा टेक्स्टबॉक्स दाखवतो, फोनवर त्यात बोट धरून पेस्ट करता येतं.

एका घरात उभं राहून नुसतं ५ पेस्ट केलं तर त्या घरात ५ जावा, अख्खं ग्रिड पुसलं जाऊ नये. आणि अख्खं ग्रिड पेस्ट झालं तर अनडू एकाच फटक्यात मागे यावं, ८१ वेळा नाही.

२१ ऑगस्ट

पेस्टनंतरची तपासणी. इथे मित्राशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं कोड्याला एकच उत्तर नसेल तर घ्यायचंच नाही. मला ते पटत नाही, कोणी स्वतः कोडं बनवत असेल, अर्धवट अवस्थेत इकडून तिकडे नेत असेल, त्याला दारातच अडवायचा आपल्याला काय अधिकार. पण सांगायला हवं हे बरोबर. म्हणून ग्रिड भरायचं आणि वर पिवळी पट्टी.

पट्टीसाठी स्वस्तातल्या तपासण्या आधी. एकाच रो, कॉलम, बॉक्समध्ये आकडा दोनदा आहे का. क्लू १७ पेक्षा कमी आहेत का, कारण १६ क्लूचं एकमेव उत्तराचं कोडं नसतंच हे गॅरी मॅकग्वायर आणि त्याच्या टीमने डब्लिनमध्ये कॉम्प्युटरवर सगळी शक्यता तपासून २०१२ मध्ये दाखवलंय. नऊपैकी निदान आठ आकडे कुठे ना कुठे आलेत का, कारण दोन आकडे मुळीच नसतील तर उत्तरात त्यांची अदलाबदल करून दुसरं उत्तर मिळतं. मग शेवटी सॉल्व्हरला उत्तरं मोजायला सांगायचं, दुसरं सापडलं की थांबायचं, पुढचं मोजून उपयोग नाही.

६ तारखेला लिहिलेला सरकलेला १ यातल्या पहिल्या तिन्ही चाळण्यांतून पार होतो, तो मुद्दाम टेस्टमध्ये घातलाय. म्हणून पट्टीच्या भरवशावर पार्सर ढिला ठेवायचा नाही असं मित्राला सांगितलं, आणि हे त्याला लगेच पटलं.

२४ ऑगस्ट

फेरफटका टेस्ट. कोडं घ्यायचं, आपल्या प्रत्येक फॉरमॅटमध्ये कॉपी करायचं, परत पेस्ट करायचं, ग्रिड आधीसारखंच हवं. रॉयलची ४९,१५१ कोड्यांची यादी लावली, एका लाइनीला एक कोडं, अवघी चार एमबीची फाइल. सगळी पास. पण या यादीत नुसते दिलेले आकडे आहेत, भरलेले नाहीत आणि कँडिडेटही नाहीत, त्यामुळे हिच्यावर हुरळून जायचं कारण नाही. सॉल्व्हरला अध्येमध्ये थांबवून, काही कँडिडेट मुद्दाम उडवून अर्धवट अवस्था बनवल्या आणि त्या फिरवल्या. ७२९ चं आपण लिहीत नाही म्हणून त्याची वाचायची टेस्ट वेगळी.

लिंकचंही आजच उरकलं. कोडं लिंकमध्ये घालून पाठवायची सोय आहे, तिथे डॉट चालत नाहीत. इन्कालाचं कोडं दोन डॉटवर संपतं, आणि चॅट ॲप लिंकच्या शेवटचे डॉट वाक्याचा पूर्णविराम समजून लिंकबाहेर ठेवतं, म्हणजे समोरच्याने क्लिक केलं की ७९ अक्षरं येतात. तेव्हा लिंकमध्ये शून्यच. मेन्यूतून कॉपी केलं तर डॉट, लिंक बनवली तर शून्य, हे उलटसुलट दिसतं पण दोन्हीकडे कारण एकच आहे, मधलं सॉफ्टवेअर ज्याला हात लावणार नाही ते चिन्ह निवडायचं.

आणि स्टार. कितीतरी चॅट ॲपमध्ये दोन स्टारच्या मधलं ठळक होतं आणि स्टार गायब होतात, अंडरस्कोरने तिरकं होतं. स्टार रिकामं घर म्हणून वापरून चॅटमधून पाठवलेलं कोडं पोचेपर्यंत अर्धमेलं झालेलं असतं. घेताना स्टार मान्य, देताना रिकाम्या घरासाठी कधीच नाही.

२८ ऑगस्ट

पीडीएफचा नमुना शेवटी ठेवला होता आणि त्याचं काहीही होणार नाही. पीडीएफमध्ये रिकाम्या घरात मजकूरच नसतो, रेघा म्हणजे चित्र, त्यामुळे कॉपी केल्यावर नुसते आकडे येतात, जागा गायब. टॅबसुद्धा नाहीत. स्प्रेडशीटच्या बाबतीत जागा होती, आपण ती फेकत होतो, इथे मुळात आलेलीच नाही. फोटो काढून ओळखायचं तंत्र लावता येईल पण ते वेगळंच काम आहे, या कामात नको.

मग एरर मेसेज नीट लिहिले. '२१ आकडे मिळाले पण रिकामी घरं कुठे आहेत ते मजकुरात नाही, रिकाम्या घरासाठी डॉट किंवा शून्य असलेली प्रत द्या.' '८० घरं मिळाली, सातव्या रोमध्ये एक कमी आहे.' हा दुसरा फक्त लाइनी वेगळ्या असतील तेव्हाच देता येतो, सलग ८० अक्षरांत कुठलं गळलं ते सांगता येत नाही, तिथे नुसती संख्या सांगून गप्प बसायचं. जो मजकूर आला तो मेसेजच्या खाली जसाच्या तसा दाखवायचा, टॅब दिसतील असे, म्हणजे माणूस स्वतः बघून दुरुस्त करेल.

सोळा बाय सोळाचं पुढे बघू. २५६ घरं, नऊच्या पुढे अक्षरं लागतात, कोणी १० ला ए लिहितं तर कोणी १ पासूनच ए सुरू करतं, आणि दोन आकडी संख्या स्पेसने तोडून लिहिणारेही आहेत. तिथे एक्स हे रिकामं घर धरायचा नियम तसाच चालवायचा का तेही बघावं लागेल. लांबी २५६ आली तर सध्या 'नऊचंच ग्रिड चालतं' एवढं सांगतो. नऊचं सगळं उद्या मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करतो, ट्रिमच्या जागी मोठी कॉमेंट टाकून.